ग्रीस ट्रॅपमधला तेलकट गाळ जिवाणूंकडून कसा कुजवायचा

इंदुरात राजेंद्रनगर-लोकमान्यनगरपासून सराफ्यापर्यंत कुठेही जा, जिथे तळण आहे तिथे ग्रीस ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाण्यातलं तेल-चरबी अडवणाऱ्या टाकीत, हा गाळ आहेच. खानावळवाल्या मंडळींनो, त्यावर गरम पाणी ओतून पुढे ढकलू नका प्लीज, चरबी वितळते आणि पुढच्या पाइपात जाऊन परत थिजते.

स्पेनमध्ये ऑलिव्हचं तेल काढल्यावर जो ओला चोथा उरतो त्यात तेल तर असतंच, वर फिनॉल नावाची रोपांना बाधणारी द्रव्यंसुद्धा, म्हणून कच्चा शेतात टाकला तर बियाणं नीट रुजत नाही. तिकडे तो ऑलिव्हचीच पानं, पेंढा, शेणखत मिसळून महिनोनमहिने कुजवतात. आपल्याकडे फिनॉलची एवढी भानगड नाही, पण पद्धत तीच कामाची आहे.

कढईतलं जळकं तेल यात घालायचं नाही, ते बायोडिझेलवाल्यांना द्या. शेव-फरसाणचा चुरापण नको, मीठ असतं. गाळ निथळून घ्या आणि एक बादली गाळाला निदान आठ-दहा बादल्या सोयाबीनचं भूस किंवा वाळका पाला घ्या, भूस आपल्या माळव्यात काय कमी आहे! तेलात नायट्रोजन जवळपास नसतोच आणि जिवाणूंना तो लागतोच, म्हणून शेण भरपूर घाला, आणि विरजण म्हणून जुनं कंपोस्ट. ढीग मीटरभर उंच तरी हवा, नाहीतर गरम होत नाही. मुठीत दाबल्यावर ओल लागावी, पाणी गळू नये.

आता खरं काम म्हणजे हवा. जिवाणू लायपेज नावाचं चरबी तोडणारं एन्झाइम सोडून तेलाचे तुकडे करतात, त्यातून फॅटी ॲसिड निघतात, आणि हवा नसली तर ती तशीच साचून आंबूस-खवट वास सुटतो, म्हणून सुरुवातीला दर तीन-चार दिवसांनी ढीग उलटा आणि वास आलाच तर आणखी भूस घाला. आत ५५-६० अंश चढले म्हणजे छान चाललंय. बाजारात जिवाणूंच्या कल्चरची पावडर मिळते, हवी तर घ्या, पण ढीग पलटला नाहीत तर ते पैसे वाया. फिनाइल, ब्लीचिंग ट्रॅपमध्ये ओतत असाल तर आधी ते बंद करा, जिवाणू मरतात. पावसाळ्यात वर ताडपत्री हवीच.

ढीग थंड पडला, तेलकटपणा आणि वास गेला की थोडं खत मातीत मिसळून मूग पेरा, शेजारी नुसत्या मातीत पेरा. खतातले मूग कमी उगवले तर अजून कच्चं आहे, परत पलटा आणि काही आठवडे ठेवा.