पहिली १० के पळताय? आधी माझी फजिती वाचा

माझी पहिली १० के, म्हणजे १० किलोमीटरची रेस, मुंबईत मरीन ड्राइव्हवर झाली, वेळ १ तास २६ मिनिटं, आणि त्यातल्या शेवटच्या पाच किलोमीटरला पळणं म्हणायचं म्हणजे जरा जास्तच होईल. फरफट झाली. तीन महिने बोरिवलीत सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर ८ मिनिटाला एक किलोमीटर अशा पेसने पळत होते, सगळं मस्त चाललेलं, आणि रेसच्या दिवशी दोन किलोमीटरमध्ये माती केली. ती कशी केली ते सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही.

तर सुरुवातीला काय होतं, डीजे लावलेला असतो, कोणीतरी माइकवर ओरडत असतं, आजूबाजूला हजारभर लोक उड्या मारत असतात, आणि हॉर्न वाजला की सगळे सुटतात. आपणही सुटतो. मला वाटलं आज पाय काय हलके झालेत! घड्याळात बघितलं तर ६:४० चा पेस, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ४० सेकंद, तरी मी हळू झाले नाही कारण दम लागतच नव्हता. पहिल्या दहा मिनिटांत दम लागत नाहीच हो, तोच तर घोळ आहे, बिल नंतर येतं. माझं पाचव्या किलोमीटरला आलं. छातीचा भाता, पोटऱ्या दगड, आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ की वाकून उभीच राहिले.

म्हणून पहिलं काम, उभं राहायचं मागे. पुढे सगळे ५० मिनिटांत संपवणारे असतात, त्यांच्यात उभे राहिलात तर त्यांच्याबरोबर ओढले जाल. बिबला, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरला, वेळ मोजणारी चिप असेल तर तुमची वेळ तुम्ही स्टार्टची मॅट ओलांडल्यावरच सुरू होते, त्यामुळे मागे राहून दोन मिनिटं वाया जातील वगैरे काही नाही. आणि पहिले दोन किलोमीटर तुमच्या रोजच्या पेसपेक्षा १५-२० सेकंद हळूच. घड्याळ नसेल तर घरचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट न अडखळता म्हणून बघा. सोसायटीच्या नावावरच धाप लागली तर तुम्ही जोरात पळताय.

मरीन ड्राइव्हचं एक वेगळंच आहे. रस्ता सपाट, चढ नाही, म्हणून सगळे सांगतात सोपा आहे. पण तो वाकडा आहे ना! नरिमन पॉइंटकडून निघालं की समोर पाण्यापलीकडे चौपाटी दिसते, वाटतं हे काय आलंच, आणि रस्ता आपला वळतोय वळतोय, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. परत येताना तेच, नरिमन पॉइंटची एअर इंडियाची बिल्डिंग सतत डोळ्यासमोर आणि जवळ म्हणून येत नाही. त्यामुळे लांब बघूच नका, पुढचा दिव्याचा खांब बघा, तो आला की त्याच्या पुढचा. सकाळी ऊन बिल्डिंगांच्या मागून येतं त्यामुळे बराच वेळ सावली मिळते, पण जिमखान्यांची मैदानं आहेत तिथे मोकळं असतं आणि उशीर झाला असेल तर तिथे चांगलंच तापतं. आणि मुंबईचा दमटपणा जानेवारीतही सुटी घेत नाही, घाम वाळतच नाही.

आता चालण्याबद्दल, कारण मला वाचवलं ते त्यानेच. सहाव्या किलोमीटरला एक काका, साठीच्या पुढचे नक्की, मला ओलांडून गेले. मग मी त्यांना ओलांडलं, मग परत ते. तिसऱ्यांदा म्हणाले, "ताई, तुम्ही दमल्यावर चालताय, मी दमायच्या आधी चालतोय." त्यांचं चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट झपझप चालणं, पहिल्या मिनिटापासून, घड्याळ लावून. घरी येऊन हिशोब केला. ७:४५ च्या पेसने चार मिनिटं पळा, मग साडेदहाच्या पेसने एक मिनिट चाला, १० किलोमीटर साधारण ८२ मिनिटांत होतात. अजिबात न चालता त्याच पेसने गेलात तर साडेसत्याहत्तर. म्हणजे फरक चार-साडेचार मिनिटांचा, आणि मी चालायची लाज वाटून तेवढे तर वाकून उभं राहण्यातच घालवले असतील! चालायला लागाल तेव्हा कडेला व्हा, हात वर करा, मागचा येऊन आदळतो नाहीतर.

बरगडीखाली कळ आली तर पेस कमी करा, तिथे बोटांनी दाबा आणि लांब श्वास सोडत राहा, बहुतेक वेळा जाते. छातीत दुखणं, गरगरणं, उन्हात अचानक थंडी वाजून काटा येणं, यातलं काही झालं तर मात्र सरळ थांबा आणि मेडिकलवाल्यांना गाठा. मेडल पुढच्या वर्षी पण मिळतं.

बाकी किरकोळ. बूट नवे नकोत, मोजेसुद्धा. मांड्यांच्या आत आणि काखेत व्हॅसलिन, भरपूर, नाहीतर आंघोळीच्या वेळी किंचाळाल. दीड-दोन तास आधी एक केळं किंवा थोडे पोहे, घरी प्रॅक्टिसला जे खाऊन पळता तेच. पाणी दोन-दोन घोट, कपची कड चिमटीत दाबून प्यायलात तर नाकात जात नाही, मी पहिल्या स्टॉलवर अर्धा कप नाकातच घेतला. टॉयलेटची रांग मोठी असते, त्यासाठी अर्धा तास वेगळा धरा.

फिनिशनंतर लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा. मी फूटपाथवरच फतकल मारली आणि मग एका मुलीने हाताला धरून उठवलं. आणि परतीची गाडी आधीच बघून ठेवा, रविवार असतो, जंबो ब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही लोकल रद्द. चर्चगेटला गाडी उभी होती पण फास्ट रद्द, स्लोने गेले, गळ्यात मेडल, आणि बोरिवलीला पुलाचे जिने चढायला नाही, उतरायला जास्त त्रास झाला, शेवटी कठड्याला धरून आडवी आडवी उतरले.