क्षारपड रानातले गवत: आधी त्याची भूक ओळखा

कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठची कितीतरी ऊसशेती अतिपाण्याने आणि निचऱ्याअभावी क्षारपड झाली आहे. ऊस येत नसलेल्या अशा रानातही चांगली वैरण घेता येते. पण ‘गवतच आहे, कसेही येईल’ म्हणून ठोंब (मुळांसकट गवताचे तुकडे) टोचून मोकळे होऊ नये. ही गवते क्षारांबरोबरच उपासमारीनेही, म्हणजे अन्नद्रव्ये न मिळाल्याने, खुरटतात.

उन्हाळ्यात लागणीपूर्वी ० ते २० आणि २० ते ६० सेंमी खोलीचे मातीचे नमुने वेगवेगळे तपासून घ्या. क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, सामू (पीएच) ८.५ च्या आत आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेल्या धन आयनांतला सोडियमचा वाटा) १५ टक्क्यांखाली असेल तर जमीन क्षारयुक्त. सोडियम १५ टक्क्यांवर आणि सामू ८.५ च्या वर गेला की चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली जमीन. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर मातीचे वाळलेले छोटे ढेकूळ पावसाच्या पाण्यात न ढवळता ठेवा. दोन तासांनी भोवतीचे पाणी दुधाळ झाले तर चोपणाचा संशय धरा. विहिरीचे खारे पाणी वापरलेत तर ही परीक्षा फसते. जिप्सम चोपण जमिनीलाच, तेही तपासणी अहवालातील मात्रेनेच द्यावे. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत त्यावरचा खर्च वाया जातो. तिथे चर किंवा सच्छिद्र पाइपचा निचरा हवा. निचरा नसताना भरपूर पाणी दिले की भूजल वर येते आणि क्षार पुन्हा माथ्यावर चढतात.

सामू ९ च्या पुढचे, पाणी साचणारे चोपण रान असेल तर कर्नाल गवत लावा. दलदलीला पॅरा गवत चालते, पण ते चरापासून लांब ठेवा, नाहीतर त्याचे धुमारे चर बुजवतात. पाण्याचा निचरा होणाऱ्या खारवट रानाला ऱ्होडस गवत बरे.

कर्नाल, ऱ्होडस आणि आपली हरळी पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतात. आत शिरलेले सोडियम पेशीतल्या रसकोषात (रस साठवणाऱ्या पिशवीत) कोंडले जाते, आणि पाणी ओढता यावे म्हणून प्रोलीन, ग्लायसीन बीटेन यांसारखी द्रव्ये साठवली जातात. या द्रव्यांना नत्र (नायट्रोजन) लागते. शिवाय मुळाशी सोडियम पालाशच्या (पोटॅशियमच्या) वाटेत येते, चढ्या सामूमुळे जस्त, लोह, स्फुरद (फॉस्फरस) मातीत असूनही मिळत नाही आणि साचलेल्या पाण्यात नायट्रेट वायुरूपाने उडून जाते.

जून-जुलैत चांगला पाऊस होऊन वरचे क्षार धुपले की लागण करा. ठोंब ६० × ३० सेंमीवर, सरीच्या बगलेला मध्यावर लावा. वरंब्याच्या माथ्यावर कधीच नको, कारण पाणी वर चढून वाळते आणि सगळे क्षार तिथेच जमतात. पहिले तीन आठवडे माती वाळू देऊ नका.

लागणीआधी एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्या. प्रत्येक कापणीनंतर ओलीवर एकरी १० किलो नत्र द्या, म्हणजे अमोनियम सल्फेटची ५० किलोची एक गोणी. चढ्या सामूत वर फेकलेल्या युरियाचा बराच भाग अमोनिया होऊन उडतो. अमोनियम सल्फेटही मातीआड केलेले बरे. पालाश लागलेच तर सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. म्युरेट ऑफ पोटॅशमधून क्लोराईडची भर पडते.

पान पाहून उपाय ठरवा. जुनी पाने पिवळी म्हणजे नत्राची भूक. कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, सायंकाळी फवारा. चुनखडीच्या मातीत टाकलेले लोह लगेच अडकते. शेंडे आणि कडा करपल्या तर मात्र आधी क्षारांचा संशय धरा. क्षारच असतील तर खत वाढवलेत की आणखी करपेल.

पहिली कापणी सुमारे ७५ दिवसांनी आणि पुढच्या ३५ ते ४० दिवसांनी, जमिनीपासून १० ते १५ सेंमी ठेवून करा. या वैरणीत मीठ जास्त असू शकते, म्हणून ती एकटी न घालता कडब्यात मिसळून द्या आणि जनावरांपुढे गोडे पाणी सतत ठेवा.