रास्पबेरी पायवर रिस्क ओएस कशी चालवावी

कपाटात पडून असलेल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर दरवेळी लिनक्सच टाकायला हवं असं नाही. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८७ मध्ये आर्किमिडीज नावाचा संगणक आणला. एआरएम प्रोसेसर असलेल्या त्या संगणकासाठी घडलेली रिस्क ओएस ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) २०१८ पासून मुक्तस्रोत आहे, आणि पायवर ती झकास पळते.

पाय ३ किंवा ४ घ्या. एक रिकामं मायक्रोएसडी कार्ड आणि तीन बटणांचा माउस लागेल. चाक दाबता येत असेल तर तेच मधलं बटण. पण लॅपटॉपसारख्या टचपॅडवर भागवायला जाऊ नका, वैतागाल.

रिस्क ओएस ओपनच्या संकेतस्थळावरून पायसाठीची स्थिर आवृत्ती उतरवा, झिप उघडा आणि आतली इमेज (पूर्ण प्रणालीची एकच फाइल) रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रामने कार्डावर लिहा. कार्डावरचं आधीचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा कुठलं कार्ड निवडलंय ते दोनदा बघा. नंतर तेच कार्ड विंडोजमध्ये घातलं आणि ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं, तर नाही म्हणा. या प्रणालीची फाइल मांडणी विंडोजला वाचता येत नाही, एवढंच.

पाय ४ असेल तर स्क्रीनची केबल वीजजोडणीजवळच्या एचडीएमआय खाचेत लावा. कार्ड घाला, वीज द्या. डेस्कटॉप इतक्या लवकर समोर येतो की काही राहून गेलं की काय असं वाटतं.

खरी मेहनत आता सुरू होते, कारण हाताच्या सवयी मोडाव्या लागतात. खिडकीच्या वर मेन्यूपट्टी नसते. जिथे मधलं बटण दाबाल तिथेच मेन्यू उघडतो. त्यातला पर्याय उजव्या बटणाने निवडला तर मेन्यू मिटत नाही, हे मला फार आवडतं. फाइल जतन करताना मी पहिल्यांदा नाव लिहून ओके दाबलं, तर चिन्ह फोल्डरच्या खिडकीत ओढून न्या, असा निरोप आला. इथे तीच रीत. आधी फोल्डर उघडा, मग छोट्या चौकटीतलं चिन्ह उचलून त्यात सोडा. दोन दिवसांत हात बसतो. फाइलच्या नावात टिंब मात्र घालू नका; फोल्डरचे मार्ग टिंबाने तोडलेले असतात.

एफ१२ दाबलं की तळाशी * चिन्हाने सुरू होणारी, आज्ञा टाइप करायची ओळ येते. तिथे ‘बेसिक’ हा शब्द रोमन लिपीत टाइप केला की बीबीसी बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा हजर. ‘क्विट’ने बाहेर या आणि रिकाम्या ओळीवर एंटर दाबा, की पुन्हा डेस्कटॉप.

एखादा प्रोग्राम अडला तर बाकीचेही थिजतात, कारण इथे प्रत्येक प्रोग्रामने आपण होऊन दुसऱ्याला वाट द्यायची असते. अशा वेळी ऑल्ट आणि ब्रेक दाबून बघा. आधुनिक संकेतस्थळांची अपेक्षा धरू नका. नेटसर्फ हा इथला ब्राउझर साधी पानं छान दाखवतो, जड पानांवर हात टेकतो. बंद करताना वीज ओढू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ१२ एकदम दाबा.