नौक्रातिसचं खापर कसं वाचावं

इजिप्तमध्ये ग्रीक खापर दिसलं की लगेच ‘व्यापार!’ म्हणून मोकळे होऊ नका. ते भाडोत्री ग्रीक शिपायाच्या बोचक्यातूनही आलेलं असू शकतं. डेक्कन कॉलेजात खापरं धुण्या-मोजण्यात गेलेल्या दिवसांनी मला एक खोड लावली: आधी तुकडा, गोष्ट मागाहून.

सरावाला नौक्रातिस घ्या. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं हे ग्रीकांचं बंदर ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रींनी १८८४-८५ साली खणलं. तिथल्या वस्तू ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात.

नक्षीआधी माती आणि लेप बघा. बाहेरून पांढरट लेप, आत काळपट पृष्ठावर पांढरी-तांबडी चित्रं, असं असेल तर बहुधा किऑस बेटाचा चषक. मग अक्षरं शोधा. ‘मी अपोलोचा’ असं भांडं स्वतःच सांगतं! इथे घाई नको, फोटो मोठा करा. अक्षरांच्या रेघांत लेप खरवडला असेल, तर नाव भाजून झाल्यावर कोरलंय. विकत घेतलेलं भांडं कुणीतरी देवाला वाहिलं. रंगाने लिहून मग भाजलं असेल, तर कुंभाराला मजकूर आधीच ठाऊक होता. म्हणजे मागणीबरहुकूम माल. मला या दुसऱ्या प्रकारापुढे सोन्याचे दागिनेही फिके वाटतात.

काळ ठरवताना प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसवर विसंबू नका. त्याच्या मते हे शहर ग्रीकांना इजिप्तच्या अमासिस राजाने दिलं (राज्यकाळ इ.स.पू. ५७०-५२६). तिथली सर्वांत जुनी ग्रीक खापरं मात्र इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरची आहेत. राजाच्या आधी दुकानं आली होती.

उलट दिशेचा मालही तपासा. नौक्रातिसच्या कारखान्यात फेयन्सचे (गारगोटीच्या भुकटीचे, चकचकीत लेपाचे), शेणकिड्याच्या आकाराचे ताईत बनत आणि ग्रीक जगात जात. काहींवरची चित्रलिपी चक्क चुकीची आहे. गिऱ्हाइकाला वाचता थोडीच येत होती!

शेवटी जकातीचा हिशेब बघा. दक्षिण इजिप्तमधल्या एलेफंटाइन बेटावर सापडलेल्या एका पपायरसवरचा (लव्हाळ्याच्या कागदावरचा) जुना मजकूर पुसून त्यावर अहिकार या शहाण्या मंत्र्याची कथा लिहिली होती. पुसलेला मजकूर निघाला इ.स.पू. ४७५च्या जकातीचा, अरामी भाषेत. आयोनियन (आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या ग्रीकांची) जहाजं येताना दारू आणि तेल आणत. परतताना ती नेत असलेल्या नेट्रॉनवर, म्हणजे नैसर्गिक सोड्यावर, कर लागे. हा सोडा खापरांच्या ढिगात कुठून सापडणार?