रात्रीच्या पाळीत दारे धरताना: साप, वीज आणि दवाखाना

सोलापूर जिल्ह्यात शेतीपंपांची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. पाळी रात्रीची असली की माळशिरस-पंढरपूरकडचा ऊसवाला असो वा सांगोल्याचा डाळिंबवाला, त्याला दारे धरायला, म्हणजे पिकाला सरीसरीने पाणी वळवून द्यायला, अंधारात विहिरीवर जावेच लागते. दिवसा वीज मिळावी ही मागणी जुनी आणि रास्त आहे, आणि सौर पंप बसलेल्या वस्त्यांवर तो प्रश्न काही अंशी सुटलाही आहे. ज्यांचा सुटलेला नाही, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की रात्रीचा धोका कमी करण्याचे बहुतेक काम दिवसाउजेडी उरकता येते.

दिवसा करून ठेवायचे काम

पहिले काम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दोन प्रश्न विचारण्याचे: सर्पदंशाची लस, म्हणजे दंशानंतर द्यायचे विषावरचे इंजेक्शन, येथे शिल्लक असते का, आणि रात्री ती देणारे डॉक्टर हजर असतात का? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कोणते गाठायचे हे त्याच दिवशी ठरवावे. पंढरपूर आणि अकलूजला उपजिल्हा रुग्णालये आहेत, आणि त्यापुढे सोलापूरचे सिव्हिल हॉस्पिटल आहे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला वस्तीचा पत्ता सांगताना गट नंबर सांगून उपयोग होत नाही. डांबरी रस्त्यावरची ठळक खूण ठरवून ठेवावी आणि रुग्णवाहिका आल्यावर तेथे बॅटरी घेऊन कोण उभे राहील, हेही घरात आधीच बोलून घ्यावे.

विहिरीकडे जाणारी पायवाट आणि स्टार्टरच्या पेटीभोवतीची जागा गवत काढून मोकळी ठेवावी. कडब्याची गंजी आणि सरपण घराच्या भिंतीला टेकून रचू नये, कारण तेथे उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप येतात.

विजेच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात. मोटारीचे आणि लोखंडी पेटीचे अर्थिंग शाबूत आहे का, वायरचे जोड उघडे आहेत का, आणि अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे बटण) बसवला आहे का. ऑटोस्विच किंवा मोबाईल स्टार्टर असेल तर रात्रीची फेरी वाचते, ही त्याची मोठी सोय आहे. मात्र वीज आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू होत असल्याने, दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला) फ्यूज स्वतः टाकू नये; महावितरणकडे १९१२ वर तक्रार नोंदवावी, मग वायरमन यायला वेळ लागला तरी चालेल. कोणाला विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल, तर आधी पुरवठा तोडावा आणि मगच त्याला हात लावावा.

शेतात

गुडघ्यापर्यंतचे गमबूट, चांगली बॅटरी आणि हातात काठी, एवढे असल्याखेरीज सरीत उतरू नये. बूट घालण्यापूर्वी उलटे करून झटकावेत. बिळांत पाणी शिरले की उंदरांबरोबर सापही बाहेर पडतात, त्यामुळे पाणी नुकतेच पोहोचलेल्या भागात जास्त जपावे. पाचटाखाली (उसाच्या वाळल्या पानांखाली) किंवा दाऱ्याच्या ढेकळांत हात घालण्याऐवजी खोरे वापरावे. दोन दाऱ्यांच्या मधल्या वेळात बांधावर गोणपाट टाकून पडण्याची सवय बहुतेकांना असते, आणि माझ्या मते रात्रपाळीतली सर्वांत घातक सवय तीच. मण्यार रात्री फिरतो, झोपलेल्या माणसाला चावतो, आणि त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि तोवर कितीतरी वेळ गेलेला असतो. पाठ टेकायचीच असेल तर खाटेवर टेकावी आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी.

दंश झाल्यावर

माणसाला तेथेच बसवावे किंवा आडवे करावे आणि त्याला चालू देऊ नये, कारण स्नायूंच्या हालचालीने विष शरीरात लवकर पसरते. दंश झालेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने हाड मोडल्यावर बांधतात तसा स्थिर ठेवावा. अंगठी, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच काढावे, कारण सूज चढल्यावर ते रुततात. दंशाची वेळ टिपून ठेवावी. दोरीने आवळणे, ब्लेडने कापणे, तोंडाने चोखणे, बर्फ किंवा झाडपाला लावणे यांपैकी काहीही करू नये. कोणी आधीच दोरी आवळली असेल, तर ती वाटेत एकदम सोडू नये. दवाखान्यात डॉक्टरांसमोरच सोडावी.

साप मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर आपल्याकडे एकच लस चालते, आणि डॉक्टर उपचार लक्षणे पाहून ठरवतात. मंत्र, उतारा किंवा देवळात नेणे याबद्दल एवढेच सांगता येईल की बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो, म्हणून मांत्रिकाच्या नावावर बरे झालेले रोगी जमा होतात. घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रहच असेल तर त्यांना उतारा घरी राहून करू द्यावा. रोग्याची गाडी थांबवू नये.

रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर मोटारसायकलवर न्यावे, रोग्याला मध्ये बसवून मागे एकाने त्याला घट्ट धरावे. शुद्ध हरपत असेल किंवा उलट्या होत असतील तर मोटारसायकल टाळून जीप किंवा कोणतेही मोठे वाहन पाहावे आणि त्याला डाव्या कुशीवर निजवावे. दवाखान्यात डॉक्टर थोडे रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाच्या विषाने रक्त बिघडले आहे असे समजते. म्हणून त्या वीस मिनिटांत “नुसते बसवून ठेवले” म्हणून वाद घालू नये. लक्षणे नसली तरी किमान चोवीस तास देखरेखीखाली राहावे. घोणसाच्या विषाने मूत्रपिंडालाही इजा होते, त्यामुळे पुढे लघवी कमी झाली किंवा लाल झाली तर लगेच परत जावे.

दवाखान्याची सर्व कागदपत्रे जपून ठेवावीत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश आणि विजेचा धक्का हे दोन्ही येतात. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात आणि अर्ज तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. मात्र ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातील एका सदस्यापुरती आहे, त्यामुळे रात्री प्रत्यक्ष दारे धरणारा सालगडी तिच्या बाहेर राहतो. अठरा ते सत्तर वयाच्या सालगड्यासाठी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना बँकेतून वर्षाला वीस रुपयांत घेता येते. तिचे वर्ष १ जूनला सुरू होते, तेव्हा मे महिन्यात त्याच्या खात्यात तेवढे पैसे आहेत का, हे मालकाने स्वतः पाहावे.