जुन्या बुलेटचा सायलेन्सर आणि बेंड पाइप कसा चमकवावा

पावसाळा संपल्यावर जुन्या बुलेटच्या सायलेन्सरवर तपकिरी ठिपके दिसू लागले की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, संडास साफ करण्याचे ॲसिड लावा. दुसरा, तारेच्या ब्रशने जोर लावून घासा. हे दोन्ही सल्ले पाळू नयेत. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, त्याखाली त्याहून पुष्कळ जाड निकेल असते आणि सर्वांत खाली पोलादी पत्रा. संडासाच्या ॲसिडातील हायड्रोक्लोरिक ॲसिड गंजाबरोबर क्रोमही विरघळवते, शिवाय बारीक खड्ड्यांत उरलेले ॲसिड काही दिवसांतच नवा गंज आणते. तारेच्या ब्रशाने पडलेले ओरखडे तर कोणत्याही पॉलिशने भरून निघत नाहीत. क्रोमवर जे साचले आहे ते काढायचे आहे, क्रोम झिजवायचे नाही, हे लक्षात ठेवूनच कामाला हात घालावा.

इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सर आणि इंजिनातून त्याच्याकडे येणारा वाकडा पाइप, म्हणजे बेंड पाइप, शाम्पूच्या पाण्याने धुवावा आणि डांबर व चेनचे ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसावे. रेनकोट किंवा चपलेचा तळ वितळून चिकटला असेल, तर इंजिन थोडा वेळ चालवून पाइप कोमट करावा आणि मऊ पडलेला थर लाकडी पट्टीने सरकवावा. सुरी वापरू नये.

आता गंज. मला सर्वांत जास्त काळ झगडावे लागले ते याच टप्प्यावर. धुऊन कोरड्या केलेल्या पाइपावरील प्रत्येक ठिपक्यावरून आधी नख फिरवावे. नख अडखळले नाही, तर तो गंजाचा वरवरचा डाग आहे आणि तो निघेल. नख अडकले किंवा कडेचा पापुद्रा उचलला गेला, तर तेथील क्रोम गेलेले आहे आणि कितीही घासले तरी ते परत येणार नाही. हा फरक न ओळखता सगळीकडे सारखाच जोर लावला जातो, आणि त्यामुळे जेवढे पाइप खराब होतात तेवढे गंजामुळेही होत नसावेत.

डाग काढण्यासाठी चपात्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियम फॉइल पुरेसा होतो. त्याचा छोटा बोळा पाण्यात बुडवावा आणि एका वेळी तळहाताएवढाच भाग हलक्या हाताने घासावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा बरेच मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि गंज करड्या-तपकिरी चिखलाच्या रूपाने सुटून येतो. हा चिखल वाळू देऊ नये. लगेच ओल्या फडक्याने पुसून पुढचा भाग घ्यावा. हाताला जोर लावावासा वाटू लागला, तर बोळा बदलावा, जोर वाढवू नये. हट्टी डागांसाठी चार शून्यांची, म्हणजे सर्वांत बारीक, स्टील वूल थोडे तेल लावून चालते. भांडी घासण्याची तारेची घासणी मात्र कधीही वापरू नये. जेथे खड्डे पडले आहेत तेथे काळे ठिपके राहतील, ते तसेच राहू द्यावेत. ते पूर्ण घालवण्याच्या हट्टापायी खड्ड्याभोवतीचे चांगले क्रोम सुटते आणि ठिपक्याचा डाग होतो. पापुद्रे मोठ्या भागात सुटले असतील, तर पाइप उतरवून प्लेटिंगवाल्याकडे द्यावा, आणि क्रोमखाली निकेलचा थर नीट देणार का, हे काम देण्यापूर्वीच विचारावे.

बेंड पाइपाचा निळेपणा हा गंज नव्हे; तो उष्णतेने आलेला रंग आहे. इंजिनाजवळ थोडी सोनेरी झाक असणे स्वाभाविक आहे, परंतु गडद निळा पट्टा दिसला तर पॉलिशची डबी उघडण्याआधी कारण शोधावे. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असेल, इंजिनाच्या हेडशी, म्हणजे वरच्या भागाशी, पाइप जिथे बसतो तिथून हवा शिरत असेल, किंवा पॉइंटचा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे गेला असेल, तर पाइप वाजवीपेक्षा जास्त तापतो. हे दुरुस्त केल्याशिवाय काढलेला निळा रंग परत येतोच. दुरुस्तीनंतर मऊ सुती कापडावर क्रोम पॉलिश घेऊन तो हळूहळू उतरवावा.

सायलेन्सरवर शेवटी मेणाचा पातळ लेप द्यावा, कारण मोकळे पडलेले खड्डे त्यामुळे झाकले जातात. कोकणात खाऱ्या हवेत गाडी राहत असेल, तर हा लेप पुन्हापुन्हा द्यावा लागतो. बेंड पाइपावर मेण लावू नये, ते जळून डाग पडतो. सायलेन्सरच्या खालच्या बाजूस पाणी निघण्याचे बारीक छिद्र असेल, तर ते तारेने मोकळे करावे, नाहीतर आत साचलेले पाणी पत्रा आतून खाते आणि बाहेरची सारी मेहनत वाया जाते.

इंजिन सुरू करण्यापूर्वी बेंड पाइप स्वच्छ, कोरड्या कापडाने पुन्हा पुसावा आणि त्यानंतर त्याला हात लावू नये. बोटांचे तेलकट ठसे तापलेल्या क्रोमवर भाजून पक्के बसतात, आणि ते काढायला पुन्हा पॉलिश घ्यावे लागते.