लाटेकमध्ये यांत्रिक आराखड्यांची दुर्मीळ चिन्हे: ती अक्षरासारखी कशी वागवावीत

लाटेक या टंकजुळणी प्रणालीत यांत्रिक आराखड्यांविषयी लिहिताना व्यासाचे चिन्ह वासीसिम या पॅकेजमध्ये (जादा आज्ञांच्या संचात) तयार मिळते. अडचण येते ती काउंटरबोअर (छिद्राच्या तोंडाशी सपाट तळाचा रुंद खळगा) आणि काउंटरसिंक (तोंडाशी शंकूसारखा खळगा) यांच्या चिन्हांची. युनिकोडमध्ये त्यांना अनुक्रमे २३३४ आणि २३३५ हे सोळा-पायाचे क्रमांक आहेत, त्यामुळे लुआलाटेक (युनिकोड फॉन्ट थेट वापरणारी लाटेकची आवृत्ती) वापरत असाल आणि निवडलेल्या फॉन्टमध्ये ती चिन्हे असतील, तर चित्र काढण्याच्या फंदात पडू नये. मात्र फॉन्टमध्ये चिन्ह नसेल तर ते छापील पानावरून गुपचूप गायब होऊ शकते आणि त्याची नोंद लॉग फाइलमध्ये (लाटेक चालताना लिहिल्या जाणाऱ्या नोंदींच्या फाइलमध्ये) राहते, म्हणून ती फाइल एकदा तपासावीच.

चिन्ह स्वतः काढायचे असल्यास आकृत्या काढण्याचे टिक्झ पॅकेज सोयीचे आहे. आकृती काढणे सोपे असते. तिला ओळीत अक्षरासारखी बसवणे हेच खरे काम. त्यासाठी मापे मिलिमीटरमध्ये न देता चालू फॉन्टमधील मोठ्या एच या अक्षराच्या उंचीवरून घ्यावीत. सेट-टू-हाइट ही आज्ञा ती उंची मोजून एका लांबीत साठवते; हे मोजमाप चिन्हासाठी आपण बनवलेल्या आज्ञेच्या आतच ठेवावे, म्हणजे तळटीप असो वा शीर्षक, चिन्ह त्या त्या आकारात उमटते. टिक्झच्या आडव्या व उभ्या एककाला हीच उंची दिली, की काउंटरबोअरसाठी (०, १), (०, ०), (२, ०), (२, १) हे चार बिंदू क्रमाने जोडणे पुरते, आणि काउंटरसिंकसाठी (०, १), (१, ०), (२, १) जोडले की ९० अंशांचा कोन आपोआप मिळतो.

रेषेची जाडी उंचीच्या एक-दशांश ठेवावी. दहा पॉइंटच्या कॉम्प्युटर मॉडर्न फॉन्टमध्ये मोठे अक्षर सुमारे ६.८ पॉइंट उंच असते, म्हणजे जाडी ०.६८ पॉइंट येते. टिक्झची मूळ ०.४ पॉइंटची रेषा मजकुराशेजारी किडकिडीत वाटते. आधाररेषा (अक्षरे जिच्यावर टेकतात ती रेषा) शून्यावर ठेवण्याचा पर्याय द्यावाच, पण रेषा बिंदूंच्या दोन्ही बाजूंना पसरत असल्याने चिन्ह तरीही किंचित खाली उतरते. म्हणून काउंटरबोअरचा तळ ०.०५ एककाने वर घ्यावा. काउंटरसिंकच्या टोकाला रेषांचा सांधा अधिक पुढे येतो, तिथे ०.०७ लागतात. हा फरक डोळ्याला लगेच जाणवत नाही, पण मापांच्या लांबलचक यादीत तो खटकतो.

चिन्हाच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडावी आणि आज्ञेच्या व्याख्येतील ओळींच्या शेवटी टक्क्याचे चिन्ह टाकावे, अन्यथा ओळ संपल्याची जागा मजकुरात घुसते. व्याख्येसाठी न्यू-कमांडऐवजी डिक्लेअर-रोबस्ट-कमांड वापरावी. प्रकरणाच्या शीर्षकातून अनुक्रमणिकेत जाताना साध्या व्याख्येतील चित्र मोडू शकते. हायपररेफ (पीडीएफमध्ये दुवे व बुकमार्क तयार करणारे पॅकेज) वापरत असाल तर शीर्षकातील चिन्हाला टेक-ऑर-पीडीएफ-स्ट्रिंग या आज्ञेने शब्दांतला पर्याय द्यावा, कारण पीडीएफच्या बुकमार्कमध्ये चित्र उमटू शकत नाही.

वापरताना आज्ञेमागे रिकामा महिरपी कंस लिहावा, नाहीतर तिच्यानंतरची मोकळी जागा लाटेक गिळून टाकते आणि पुढचा शब्द चिन्हाला चिकटतो.